शिलाई मशीन दुरुस्तीचे संकेतस्थळ : प्रकल्प नोंदी

६ जानेवारी

ताईच्या शिलाई मशीन दुरुस्तीच्या व्यवसायाचे संकेतस्थळ नव्याने करण्याचे काम आजपासून हाती घेतले. सध्याचे संकेतस्थळ एका पानाचे आहे. वर एक मोठे छायाचित्र, त्यावर 'दर्जेदार सेवा, समाधानी ग्राहक' अशी ओळ, खाली व्यवसायाची ओळख करून देणारे दोन परिच्छेद आणि तळाशी फोन क्रमांक, एवढाच त्याचा ऐवज. फोन क्रमांकही छायाचित्रातच लिहिलेला असल्यामुळे मोबाइलवर त्याला बोट लावले तरी फोन लागत नाही.

हे पान मी आज अनोळखी माणसाच्या नजरेने वाचून पाहिले. माझे मशीन मध्येच बिघडले आहे, अर्धवट शिवलेला कपडा मशीनच्या कापड दाबून धरणाऱ्या पायाखाली अडकला आहे आणि उद्या तो द्यायचा आहे, अशा अवस्थेतल्या माणसाला या पानावरून काय मिळते, असा प्रश्न स्वतःला विचारला, तेव्हा काहीच मिळत नाही हे मान्य करावे लागले. पानावर सगळे आमच्याविषयी आहे आणि वाचणाऱ्याच्या अडचणीविषयी एक शब्दही नाही. रंग, अक्षरे आणि मांडणी बदलण्याचा मोह होत असला तरी ते काम मागे ठेवले आहे. लोक नेमके काय विचारतात हे कळल्याशिवाय एकही नवे पान लिहायचे नाही, असे ठरवले.

९ जानेवारी

फोनशेजारी एक वही ठेवली. येणारा प्रत्येक फोन त्या वहीत लिहायचा आणि तोही विचारणाऱ्याच्याच शब्दांत, असा नियम केला. ताई आणि तिचा मदतनीस या दोघांनीही तो मान्य केला, पण पहिल्याच दिवशी वहीत 'टेन्शनचा प्रॉब्लेम' आणि 'टायमिंग गेले' अशा नोंदी दिसल्या. ही कारागिराची भाषा झाली. फोन करणारा असे बोलत नाही. तो म्हणतो, 'खाली दोरा गोळा होतोय' किंवा 'मशीन टीप सोडतंय'. कारागीर ऐकता ऐकताच निदान करतो आणि निदानच लिहून ठेवतो, हे त्याच्या हुशारीचे लक्षण असले तरी आमच्या कामाला ते उपयोगी नाही. म्हणून वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिले : 'निदान नको, वाक्य हवे.'

२४ जानेवारी

वहीला पंधरा दिवस झाले. आज सगळ्या नोंदी एकत्र बसून वाचल्या आणि सारख्या प्रश्नांची मोट बांधली. सर्वांत जास्त फोन कापडाखाली दोऱ्याचा गुंता होतो या तक्रारीचे निघाले. त्याखालोखाल मशीन टीप सोडते, सुई वारंवार तुटते, वरचा दोरा तुटतो आणि मशीन जड चालते, अशा तक्रारी आहेत. उरलेले फोन बिघाडाचे नव्हतेच : अमुक प्रकारचे मशीन तुम्ही दुरुस्त करता का, किती दिवस लागतात, सोबत पायडल आणायचे का, जुने मशीन दुरुस्त करावे की नवे घ्यावे.

या यादीतून दोन गोष्टी ठळकपणे दिसल्या. पहिली म्हणजे आमच्या जुन्या पानावर यांतील एकाही प्रश्नाचे उत्तर नाही. दुसरी अशी की लोकांचे आणि आमचे शब्द जुळत नाहीत. जुन्या पानावर 'अप्पर टेन्शन असेंब्ली सर्व्हिसिंग' असे लिहिले आहे, आणि जिच्या मशीनला नेमकी त्याच कामाची गरज आहे ती बाई मात्र शोधताना 'खाली दोरा गोळा होतो' असेच टाकणार. शोधयंत्रे आता समानार्थी शब्द बऱ्यापैकी ओळखतात, हे खरे आहे, तरीही शोधाच्या यादीतून कोणत्या पानावर जायचे हे शेवटी माणूस ठरवतो आणि आपलेच वाक्य समोर दिसले की त्याचा हात तिथे थांबतो. ताईने यादी वाचून एवढेच म्हटले, "हे सगळं मी रोज फोनवर सांगते. इतक्या वेळा सांगते हे मात्र माहीत नव्हतं."

२७ जानेवारी

आजचा दिवस एका वादात गेला आणि तो वाद होणे आवश्यक होते. पहिले पान दोऱ्याच्या गुंत्यावर लिहायचे आणि घरच्या घरी करता येणारा उपाय त्यात पूर्ण सांगायचा, असा माझा प्रस्ताव होता. ताईला तो पटला नाही. तिचे म्हणणे असे : "अरे, उपाय पानावर दिला तर मशीन घेऊन येईल कोण? हे ज्ञान मी वीस वर्षं हात काळे करून मिळवलं आहे."

तिची शंका रास्त आहे आणि ती झटकून टाकण्यासारखी नाही. म्हणून आम्ही वहीतील गुंत्याचे सगळे फोन पुन्हा काढले आणि प्रत्येकापुढे त्याचा शेवट काय झाला ते लिहिले. बहुतेकांना ताईने फोनवरच दोरा पुन्हा ओवायला सांगितला होता आणि काम झाले होते. म्हणजे हा उपाय ती आजही कोणाकडून काही न घेता सांगतेच आहे, फक्त हातातले काम थांबवून एकेकाला सांगते आहे. ज्यांचे काम त्याने झाले नाही, तीच मशीन दुरुस्तीला आली. पानावर उपाय लिहिल्याने ही दुसऱ्या प्रकारची माणसे कमी होण्याचे काही कारण नाही. उलट, सांगितलेले सर्व करून पाहिल्यावरही मशीन चालले नाही, तर ज्याने एवढे सरळ सांगितले त्याच्याकडेच ते न्यावे असे माणसाला वाटेल.

याच संदर्भात तिला मिशेलिन या टायर बनवणाऱ्या कंपनीची गोष्ट सांगितली. फ्रान्समध्ये मोटारी मोजक्याच होत्या, त्या काळात, १९०० मध्ये, या कंपनीने मोटारचालकांसाठी एक मार्गदर्शिका छापून मोफत वाटली. टायर कसा बदलावा, दुरुस्ती कुठे होईल, इंधन कुठे मिळेल, मुक्काम कुठे करता येईल, अशी माहिती तिच्यात होती. लोक निर्धास्तपणे मोटार बाहेर काढू लागले की टायर झिजणारच होते. ताईने लगेच विचारले, की मग शिवणारे निर्धास्तपणे शिवू लागले तर मशीनही झिजतीलच ना. पहिल्या पानाला तिची संमती मिळाली.

२ फेब्रुवारी

पहिले पान पूर्ण झाले. मथळा आहे : 'कापडाखाली दोरा गोळा होतो? आधी हे करून पाहा.' हे पान लिहिताना जे शिकलो ते पुढच्या सर्व पानांना लागू पडणार आहे, म्हणून सविस्तर लिहून ठेवतो.

पहिला मसुदा मी दोऱ्याचा ताण म्हणजे काय, ताणाच्या चकत्या कशा काम करतात, वरचा आणि खालचा दोरा कापडाच्या मधोमध कसे गुंफले जातात, अशा क्रमाने लिहिला होता. माहिती बरोबर होती, पण ताईने ती वाचून बाजूला ठेवली आणि सांगितले, की फोनवर ती असे कधीच सुरू करत नाही. तिचे पहिले वाक्य असते, 'मशीनचा पाय वर उचला आणि वरचा दोरा पूर्ण काढून पुन्हा ओवा.' कारण असे, की पाय वर असताना ताणाच्या चकत्या सैल होतात आणि दोरा त्यांच्यामध्ये नीट बसतो. पाय खाली असताना ओवला तर चकत्या मिटलेल्या असल्यामुळे दोरा वरच्यावर राहतो, त्याला ताण बसत नाही आणि जास्तीचा दोरा कापडाखाली साचतो. गुंता खाली दिसतो म्हणून लोक बॉबिनशी, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या रिळाशी, झगडत बसतात, दोष मात्र बहुधा वरच्या दोऱ्यात असतो. हे एक वाक्य इतके मोलाचे आहे की त्याला पानाच्या अगदी वर जागा दिली. 'का' हे खाली गेले आणि ज्याला वाचायचे आहे तो ते वाचेल.

त्यानंतर ताईच्या तोंडून येणारा क्रम जसाच्या तसा ठेवला. दोरा पुन्हा ओवूनही गुंता होत असेल तर बॉबिन काढून त्याखालचा कापसासारखा साचलेला भुसा ब्रशने झाडावा, बॉबिन योग्य दिशेने फिरते आहे का ते पाहावे, मग सुई बदलावी आणि टाकाऊ कापडाच्या तुकड्यावर टीप मारून पाहावी. प्रत्येक पायरीखाली ती केल्यावर काय दिसायला हवे, हेही लिहिले. फोनवर ताई 'आता काय दिसतंय?' असे विचारू शकते, पान विचारू शकत नाही, म्हणून हा प्रश्न पानातच असायला हवा.

सर्वांत जास्त वेळ शेवटच्या परिच्छेदाने घेतला. घरी कुठपर्यंत करावे आणि कुठे थांबावे, हे त्यात आहे. हाताने चाक फिरवताना मशीन एका ठिकाणी अडत असेल, सुई खालच्या लोखंडी भागाला घासल्याचा आवाज येत असेल किंवा वर सांगितलेले सर्व करूनही टीप बसत नसेल, तर पुढे स्क्रू सैल करून पाहू नये, कारण तिथून पुढे सुई आणि दोरा पकडणारा खालचा हूक यांच्या मेळाचा प्रश्न येतो आणि तो मेळ मिलिमीटरच्या अंशात जमवावा लागतो. या परिच्छेदानंतर फोन क्रमांक दिला. पानावर आमची जाहिरात म्हणता येईल अशी तेवढीच एक ओळ आहे आणि ती जिथे गरज उत्पन्न होते तिथेच आली आहे.

१० फेब्रुवारी

टीप सोडणे आणि सुई तुटणे या विषयांची पाने तयार झाली. सुईच्या पानावर क्रमांकांचा अर्थ दिला आहे : पाकिटावर ९०/१४ लिहिलेले असते तेव्हा ९० म्हणजे सुईच्या दांड्याची जाडी ०.९० मिलिमीटर आणि १४ हा त्याच जाडीचा दुसऱ्या पद्धतीचा क्रमांक. होजिअरीच्या कापडाला गोल टोकाची सुई लागते, कारण ती धागे न कापता बाजूला सारून आत जाते, हेही त्यात आले. हे वाक्य वहीतल्या 'टी-शर्ट शिवतानाच टीप सुटते' या तक्रारीमुळे सुचले.

आज प्रत्येक पानाचे शीर्षक आणि शोधाच्या यादीत त्याखाली दिसू शकणारे दोन ओळींचे वर्णन लिहिले. प्रत्येक पानाला स्वतःचे वेगळे शीर्षक आहे आणि त्यात अडचण आधी येते, व्यवसायाचे नाव शेवटी. एका परिचिताने संकेतस्थळाच्या मागील बाजूस 'कीवर्ड'ची, म्हणजे शोधशब्दांची, लांबलचक यादी घालण्याचा सल्ला दिला होता. तो मानला नाही. गूगलने २००९ मध्येच स्पष्ट केले आहे की क्रमवारी ठरवताना ती यादी विचारात घेतली जात नाही. प्रश्नोत्तरांना शोधाच्या यादीत खास चौकट मिळावी म्हणून पानाच्या कोडमध्ये घालायच्या खुणाही वगळल्या, कारण २०२३ च्या ऑगस्टपासून गूगलने ती सवलत प्रामुख्याने शासकीय आणि आरोग्यविषयक संकेतस्थळांपुरती मर्यादित केली होती. अशा युक्त्या येतात आणि जातात. त्यांच्यावर घालवलेला वेळ पानाच्या मजकुरातून वजा होतो, असे माझे ठाम मत आहे.

१५ फेब्रुवारी

छायाचित्रांचे काम. ताईच्या मोबाइलमधून काढलेली छायाचित्रे उत्तम आहेत, पण एकेक चार-पाच एमबीचे. दोरा ओवण्याच्या पानावर अशी सहा आहेत. ज्याचे मशीन बंद पडले आहे तो माणूस मोबाइल हातात धरून, कदाचित अडखळत्या नेटवर्कवर, हे पान उघडणार आहे. त्याला थांबायला लावणे योग्य नाही. सर्व छायाचित्रांची रुंदी कमी केली, वेबपी या कमी जागा घेणाऱ्या स्वरूपात साठवली आणि एकेक शंभर-सव्वाशे केबीपर्यंत आणले. पानावर प्रत्येक छायाचित्राची उंची आणि रुंदी आधीच नोंदवली, त्यामुळे छायाचित्र उशिरा उमटले तरी वाचता वाचता मजकूर खाली सरकत नाही.

गूगलच्या निकषानुसार पानातला सर्वांत मोठा घटक अडीच सेकंदांच्या आत दिसायला हवा, बोट लावल्यावर २०० मिलिसेकंदांच्या आत प्रतिसाद मिळायला हवा, आणि हे किमान ७५ टक्के भेटींमध्ये साधायला हवे. गूगल पानांची नोंद घेताना त्यांचे मोबाइलवरचे रूपच प्रमाण मानते. म्हणून यापुढे प्रत्येक पान आधी मोबाइलवरच पाहायचे, असे ठरले.

प्रत्येक छायाचित्राला पर्यायी मजकूर दिला. 'मशीन' असा एकशब्दी मजकूर निरुपयोगी आहे, 'पाय वर उचललेला, दोरा ताणाच्या चकत्यांमधून खाली येताना' असा लिहिला, तर ज्यांना छायाचित्र दिसत नाही त्यांनाही पायरी कळते.

१९ फेब्रुवारी

संकेतस्थळ सुरक्षित जोडणीवर नेले. प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्ट या सेवेकडून मोफत मिळाले आणि त्याचे नूतनीकरण आपोआप होईल अशी व्यवस्था केली. आता ब्राउझर पत्त्याशेजारी 'असुरक्षित' असा इशारा दाखवत नाही. याहून अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

२६ फेब्रुवारी

संपर्काचे पान. हे पान पंधरा मिनिटांत होईल असे वाटले होते, त्याला पूर्ण दिवस लागला. वहीतले जवळजवळ एकतृतीयांश फोन याच पानाचे आहेत, हे आधी लक्षात आले नव्हते. वेळ कोणती, कोणत्या दिवशी बंद, मशीन आणताना पायडल, वायर आणि बॉबिन केस सोबत आणावी का (आणावीच, कारण बिघाड अनेकदा त्यांतच असतो), मशीन उचलताना कुठे धरावे, ज्या कापडावर टीप बिघडली त्याचा तुकडा आणावा का. हा शेवटचा मुद्दा ताईने सुचवला. तो तुकडा हातात आला की तिचे अर्धे निदान तिथेच होते.

फोन क्रमांक आता खरा मजकूर आहे आणि त्याला बोट लावले की फोन लागतो. संदेशाच्या अर्जात मी सुरुवातीला आठ रकाने ठेवले होते, ते कापून तीन ठेवले : नाव, फोन आणि मशीनला काय झाले आहे. तिसऱ्या रकान्यात 'जसे दिसते तसे लिहा, कारण माहीत नसले तरी चालेल' अशी सूचना दिली. पान उघडताच समोर येऊन ईमेल मागणारी चौकट एका सल्लागाराने सुचवली होती, ती ठेवली नाही. मदत मागायला आलेल्या माणसाला दारातच अडवून आधी नाव-पत्ता विचारण्यासारखे ते झाले असते.

गूगलच्या व्यवसाय-नोंदीत नाव, पत्ता, फोन आणि वेळ संकेतस्थळाशी अक्षरशः जुळवून घेतले. स्थानिक शोधात विषयाशी संबंध, अंतर आणि व्यवसायाची ख्याती या तीन गोष्टी पाहिल्या जातात. अंतर आपल्या हातात नाही, पहिली गोष्ट मात्र पूर्णपणे आहे. अभिप्रायांविषयी ताईने स्वतः नियम घातला : काम झाल्यावर विनंती करायची, पण त्या बदल्यात सवलत वगैरे काहीही द्यायचे नाही. गूगलच्या धोरणातही असे आमिष निषिद्ध आहे, पण तिचे कारण साधे होते. मोबदला देऊन मिळवलेले कौतुक वाचून तिला स्वतःचे काम कसे झाले ते कळणार नाही.

८ मार्च

'दुरुस्त करावे की नवे घ्यावे' हे पान आज तिसऱ्यांदा लिहिले. आतापर्यंतचे सर्वांत अवघड पान हेच. दुरुस्तीवर पोट असलेल्याने या प्रश्नाचे उत्तर दिले की वाचणारा सावध होणारच, आणि त्याने सावध व्हावेही. पहिल्या दोन मसुद्यांत उत्तर कसेही फिरवले तरी 'दुरुस्त करा' याच दिशेला जात होते. ते मला लिहिताना दिसले नाही, ताईला वाचताना दिसले.

तिसऱ्या मसुद्यात आम्ही नकार कधी देतो तिथून सुरुवात केली. मशीनच्या मुख्य ओतीव सांगाड्याला तडा गेला असेल, ज्या मॉडेलचे सुटे भाग मिळणे थांबले आहे त्याचा संगणकीय पॅनेल जळाला असेल किंवा आतील प्लास्टिकचे दाते झिजून एकामागून एक तुटू लागले असतील, तर दुरुस्तीत पैसा घालू नये, असे स्पष्ट लिहिले. त्यानंतर उलट बाजू : सगळे दाते धातूचे असलेले जुने मशीन गंजून जाम झाले असले, तरी स्वच्छ करून, जुने तेल काढून, पट्टा आणि रबरी भाग बदलून ते पुन्हा उत्तम चालू शकते, आणि असे मशीन भंगारात देण्यापूर्वी एकदा तरी कोणाला दाखवावे. 'आम्हालाच दाखवा' असे लिहिलेले मी खोडले आणि तिथे 'कोणाला तरी' असे केले. ताईने त्यावर काही म्हटले नाही, पण छापील प्रत काढून भिंतीवर लावली.

त्याच पानाखाली आम्ही कोणती कामे घेत नाही त्याची छोटी यादी दिली. कापडाच्या कडा शिवणारी ओव्हरलॉक मशीन आणि कारखान्यातील मोठी मशीन ताई करत नाही. हे आधी कळले तर जड मशीन उचलून आणण्याचा कोणाचा तरी हेलपाटा वाचेल.

२१ मार्च

गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये पहिल्या महिन्याची आकडेवारी पाहिली. आकडे लहान आहेत आणि लहान आकड्यांवरून मोठे निष्कर्ष काढायचे नाहीत, हे स्वतःला बजावून पाहिली. पान किती वेळा शोधाच्या यादीत दिसले, किती जणांनी उघडले आणि सरासरी कितव्या जागी होते, हे तिथे कळते. माझ्या दृष्टीने त्याहून मोलाची आहे ती लोकांनी टाकलेल्या शब्दांची यादी, कारण ती आमच्या फोनवहीचीच दुसरी प्रत आहे.

त्या यादीत 'शिवायला सुरुवात केली की सुईतून दोरा निघतो' अशा अर्थाचे प्रश्न अनेकदा आले आहेत. आमचे टीप सोडण्याचे पान त्यासाठी दिसते, पण कोणी ते उघडत नाही, आणि ते बरोबरच आहे, कारण त्या पानावर याचे उत्तर नाही. ताईला विचारले, तिने क्षणात सांगितले : शिवायला सुरुवात करताना दोरा ओढणारा वरचा दांडा खालच्या स्थितीत असतो आणि तो वर जाताना सुईतला आखूड दोरा ओढून घेतो. हाताने चाक स्वतःकडे फिरवून दांडा सर्वांत वर आणावा आणि दोन्ही दोऱ्यांची बोटभर लांबीची टोके पायाखालून मागे ठेवून मगच सुरुवात करावी. हे छोटे स्वतंत्र पान आज सायंकाळीच लिहून टाकले.

३ एप्रिल

आजची नोंद माझ्या एका चुकीविषयी आहे आणि ती मी पूर्ण लिहिणार आहे.

सुईच्या पानावर 'सुईची सपाट बाजू मागे ठेवावी' असे मी सरसकट लिहिले होते. आज एका बाईंनी जुने मशीन आणले. त्यांनी पान वाचून सुई बदलली होती आणि त्यानंतर एकही टाका बसत नव्हता. त्यांच्या मशीनमध्ये दोरा सुईत समोरून न ओवता बाजूने ओवावा लागतो आणि सुईची सपाट बाजूही बाजूलाच ठेवावी लागते. मी लिहिलेले वाक्य बहुतेक घरगुती मशीनना लागू पडते, त्यांच्या मशीनला लागू पडत नव्हते. ताईने दोन मिनिटांत सुई फिरवून दिली आणि काहीही घेतले नाही. मी त्यांची क्षमा मागितली. त्यांनी दाखवलेल्या समजूतदारपणामुळे मला अधिकच अपराधी वाटले, कारण त्यांनी दोन दिवस मशीन आपणच बिघडवले असे धरले होते.

वाक्य असे बदलले : 'जुनी सुई काढण्यापूर्वी तिची सपाट बाजू कोणत्या दिशेला आहे ते पाहा, शक्य असल्यास मोबाइलवर छायाचित्र काढून ठेवा, आणि नवी सुई त्याच दिशेने, वर टेकेपर्यंत सरकवून बसवा.' त्याखाली दोन्ही प्रकारच्या मशीनची छायाचित्रे दिली. पानाच्या वर दुरुस्तीची तारीख आणि आधी काय चुकीचे लिहिले होते तेही नोंदवले. चूक गुपचूप बदलली असती तर ज्यांनी जुने वाक्य वाचून सुई बसवली त्यांना ते कधीच कळले नसते. यापुढे कोणतेही पान ताईने निदान दोन वेगळ्या मशीनवर स्वतः करून पाहिल्याशिवाय प्रसिद्ध करायचे नाही. उपयोगी पान चुकते तेव्हा ते निरुपयोगी पानापेक्षा जास्त नुकसान करते, कारण लोक त्यावर विसंबून हात चालवतात.

११ एप्रिल

एका जाहिरात संस्थेचा फोन आला होता. महिन्याला शंभर लेख यंत्राकडून लिहवून घेऊन संकेतस्थळावर टाकू, म्हणजे प्रत्येक शोधात तुम्हीच दिसाल, असा प्रस्ताव होता. नमुन्याचे दोन लेख वाचले. वाक्ये नेटकी होती, पण दोन्ही लेखांत एकदाही कोणी मशीनचे झाकण उघडले नव्हते, आणि एकात तेल घालण्याची जागा म्हणून मोटर सांगितली होती. नकार कळवला. केवळ क्रमवारीसाठी ढिगाने तयार केलेला मजकूर २०२४ च्या मार्चपासून गूगलच्या धोरणात नावानिशी गैरप्रकार ठरवला आहे. मोटरमध्ये कोणी तेल ओतले असते तर काय झाले असते, हा विचार मात्र धोरणापेक्षा मोठा होता.

२ मे

फोनवही पुन्हा पंधरा दिवस चालवली आणि जानेवारीच्या नोंदींशेजारी ठेवून वाचली. फोनची एकूण संख्या फारशी बदललेली नाही. त्यांची जात बदलली आहे. दोऱ्याच्या गुंत्याचे फोन बरेच कमी झाले आहेत आणि जे येतात त्यांची सुरुवात 'तुमच्या पानावरचं सगळं करून पाहिलं, तरी...' अशी होते. हे अर्धे वाक्य ऐकले की ताई दोरा, भुसा आणि सुई हे प्रश्न वगळून थेट पुढच्या मुद्द्यावर जाते. मशीन घेऊन येणाऱ्यांपैकी बरेच जण आता कापडाचा तुकडा सोबत आणतात. ओव्हरलॉकसाठीचे फोन जवळजवळ थांबले.

जानेवारीतली ताईची शंका मी विसरलो नव्हतो, म्हणून दुरुस्तीला आलेल्या मशीनचीही तुलना केली. संख्या घटलेली नाही, थोडी वाढलीच आहे. वाढलेल्यांत जुनी, धातूच्या दात्यांची जाम झालेली मशीन ठळकपणे जास्त आहेत, आणि ती आणणाऱ्यांपैकी काहींनी 'नवे घ्यावे का' हे पान वाचल्याचे सांगितले. एकाने असेही सांगितले, की 'दुरुस्तीत पैसा घालू नये' हे वाक्य दुरुस्ती करणाऱ्याच्याच संकेतस्थळावर वाचले, म्हणून तो लांबून आला.

१९ मे

आतापर्यंत ताई सांगत होती आणि मी लिहीत होतो. आज तिने पान स्वतः लिहून आणले, वहीच्या चार पानांवर, तेल घालण्याविषयी. शिलाई मशीनचे पातळ, पारदर्शक तेलच वापरावे, स्वयंपाकाचे तेल कधीही घालू नये, कारण ते कालांतराने घट्ट चिकट होऊन मशीन जाम करते. एका जागी एकच थेंब. तेल घातल्यावर मशीन थोडा वेळ रिकामे चालवावे आणि मग टाकाऊ कापडावर टीप मारावी, म्हणजे जास्तीचे तेल चांगल्या कपड्याला लागणार नाही. दोन मशीनवर करून पाहिल्याच्या तारखाही तिने खाली घातल्या होत्या.

भाषेत मी जवळजवळ काहीच बदलले नाही. एकच सूचना केली, की मजकूर वाचायला सोपा जावा म्हणून सुरुवातीचा परिच्छेद थोडा खाली घ्यावा. तिने ठामपणे नकार दिला आणि तो परिच्छेद वरच राहिला : 'काही नव्या मशीनमध्ये घरी तेल घालायचे नसते. आधी आपल्या मशीनची पुस्तिका पाहा. तिच्यात तसे लिहिले असेल, तर हे पान तुमच्यासाठी नाही. भुसा तेवढा झाडा आणि शिवायला बसा.'